लक्ष दिल्याचा दाखला

वैधानिक इशारा: पुढील मजकूर वाचण्यापूर्वी स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात की नाही, याची खात्री करून घ्यावी.

श्रीधर वझलवार हे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या इशारा अवलोकन कक्षात वरिष्ठ लिपिक होते. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला आरोग्याचा इशारा नागरिक पाहतात की नाही हे पाहणं, एवढंच या कक्षाचं काम होतं. नागरिक सिगारेट ओढतात की नाही हे पाहणं दुसऱ्या कक्षाकडे होतं, आणि ओढून ओढून मेल्यावर त्यांची नोंद घेणं तिसऱ्याकडे. तिन्ही कक्षांचा एकमेकांशी पत्रव्यवहार होता. बोलणं नव्हतं.

वझलवार स्वतः सिगारेट ओढत नसत. त्या वासाचा त्यांना तिटकारा होता. ते फक्त खर्रा खात. सकाळी येताना एक, अकराला एक, जेवणावर एक, चारला एक आणि घरी जाताना एक. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटला की खर्रा होतो, हे नागपूरकराला सांगायला नको. कक्षाच्या फाटकासमोर देवाजीचा पानठेला होता आणि तिथला खर्रा वझलवारांच्या डाव्या गालात इतकी वर्षं मुक्कामाला होता की गालाला त्याची सवय झाली होती.

यात विसंगती काहीच नव्हती. खर्ऱ्याला पाकीट नसतं, पन्नी असते, आणि ती पारदर्शक असते. जिथे पाकीट नाही तिथे इशारा छापता येत नाही, आणि जिथे इशारा छापलेला नाही तिथे धोका असल्याचं शासनाने कळवलेलं नाही. वझलवार नियमाबाहेर काही मानत नसत, त्यामुळे त्यांनी धोकाही मानला नाही.

अशातच त्यांचं तोंड कमी उघडायला लागलं. धरमपेठेत पाणीपुरी खायला गेले असताना पुरी दातांशी अडली, फुटली आणि पाणी शर्टावर आलं. त्यांच्या पत्नी चारुशीला ते पाहत होत्या.

"अहो, तोंड काहून उघडत नाही तुमचं?"

"पुऱ्या मोठ्या करायला लागलेत हे लोक आजकाल," वझलवार म्हणाले आणि दुसरी पुरी हाताने फोडून खाल्ली. पुढे ते पोळीचेही बारीक बारीक तुकडे करू लागले. तिखट लागलं की तोंडात आग व्हायची, म्हणून त्यांनी रश्शात दही कालवायला सुरुवात केली. प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे उपाय होता. मुळात ते चांगले लिपिक होते.

त्याच सुमाराला कक्षाच्या उपसंचालक अरुंधती मॅडम यांनी सर्वेक्षणाचा आदेश काढला. पाकिटावरचं चित्र आता पाकिटाचा बहुतेक भाग व्यापत होतं. ब्रँडचं नाव शोधायला चष्मा लागत होता. तरी लोकांचं लक्ष जातं की नाही, याचा पुरावा नस्तीत, म्हणजे फायलीत, नव्हता. वझलवारांनी वही, पेन आणि खर्रा घेऊन तीन दिवस देवाजीच्या ठेल्याजवळ उभं राहावं, असं ठरलं. तिथे ते एरवीही उभेच असत. आता ते शासकीय काम झालं.

तीन दिवसांत एकशे बारा गिऱ्हाईकं आली. त्यातल्या एकशे नऊ जणांनी सुटी सिगारेट घेतली. पाकीट देवाजीच्या डब्यात, चित्र देवाजीकडे तोंड करून. गिऱ्हाईकाला दिसायची ती फक्त पांढरी, निरागस सिगारेट. उरलेल्या तिघांपैकी एकाने पाकीट घेऊन लगेच स्टीलच्या डबीत सिगारेटी ओतल्या. दुसऱ्याने ते उलटं करून खिशात घातलं, तर उलट्या बाजूलाही तेच चित्र निघालं, म्हणून त्याने रुमालात गुंडाळलं. तिसरा म्हणाला, "हा नको गा, दुसऱ्या फोटोचा दे. घरी पोट्टे पाह्यतात."

"तुम्ही स्वतः पाहता का हे चित्र?" वझलवारांनी देवाजीला अधिकृतपणे विचारलं.

"मी नाई पाहीन तं कोण पाहीन साहेब? डबा उघडला का तोच सामने. चौदा वर्षं झाले, पाहून राहिलो. पहिले विडी ओढत होतो मी. हे फोटो आले अन् सोडून देल्ली. जेवण नोयतं जात माह्याले."

वझलवारांनी अहवालात लिहिलं: "सदर ठेल्यावर इशाऱ्याचा पूर्ण लाभ घेणारी व्यक्ती: एक (विक्रेता). तिचे व्यसन: निरंक."

अरुंधती मॅडमनी अहवाल गांभीर्याने घेतला. त्या प्रामाणिक अधिकारी होत्या आणि कोणतीही गोष्ट गांभीर्याने घेतली की त्यावर परिपत्रक काढत. "सुटी सिगारेट विकताना विक्रेत्याने ग्राहकास पाकिटावरील चित्र किमान सात सेकंद दाखवावे." मुळात सुटी सिगारेट विकावी की नाही, हा प्रश्न त्या दुसऱ्या कक्षाचा होता. तो त्यांनी तिकडे पाठवून दिला आणि तिकडून पोचही आली.

देवाजी पाकीट धरून एक ते सात मोजू लागला. गिऱ्हाईकं मोबाइलमध्ये पाहत. त्यावर खुलासा निघाला की अवलोकन म्हणजे डोळ्यांनी पाहणे. मग लोक डोळे मिटून उभे राहू लागले. दुसरा खुलासा निघाला: डोळे उघडे असावेत. तिसरा: ते पाकिटाच्या दिशेने असावेत. तोवर ठेल्यासमोरची रांग कक्षाच्या फाटकातून आत वळली होती आणि कक्षाचे शिपाई तिला दोरी लावत होते. शेवटी देवाजीने आठ-आठची तुकडी केली. अकराच्या सुट्टीला तो स्टुलावर उभा राहून पाकीट उंच धरायचा.

"पाहून घ्या गा सारे! मांगच्याले दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं!" मागचे ओरडायचे आणि सात झाले की आठ काड्या एकदम पेटायच्या.

पाहिल्याची सही नोंदवहीत घेतली जाऊ लागली, आणि तिथे तक्रारी सुरू झाल्या. आवक-जावक विभागातला तिशीतला लिपिक दुर्गेश याने लेखी विचारलं, की जो मनुष्य रोज तेच चित्र पाहतो, त्याने किती दिवस पाहावं? शासनाला नागरिकांवर विश्वास आहे की नाही? मॅडमना मुद्दा पटला. वझलवारांनी टिपणी सादर केली, आणि योजना आली: ज्याने शंभर वेळा चित्र पाहिलं असेल, त्याला कक्षाचा शिक्का असलेला 'लक्ष दिल्याचा दाखला' मिळेल आणि पुढे आयुष्यभर पाहण्यातून सूट.

शंभर वेळा पाहायचं तर शंभर सिगारेटी घ्याव्या लागणार, हे उघड होतं. दुर्गेश तोवर महिन्याला पाच-सहा ओढायचा. "एकदाचे शंभर पुरे करून टाकतो, मंग कटकट नाई," असं म्हणून त्याने तेरा दिवसांत शंभर ओढल्या. दाखला लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि चौदाव्या दिवशी खोकत खोकत एकशे एकावी घ्यायला गेला, कारण आता सोडवत नव्हती. इतरांनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं. मुदत मार्चअखेर होती. जे कधीच ओढत नव्हते तेही पुढे कधी लागला तर असावा म्हणून दाखल्याच्या मागे लागले.

मार्चअखेर कक्षाने कळवलं की विभागात इशाऱ्याचं अवलोकन अकरा पटींनी वाढलं आहे. विक्रीही तिप्पट झाली होती, पण तो विषय दुसऱ्या कक्षाचा. मॅडमना शाल आणि श्रीफळ मिळालं.

शाल-श्रीफळाच्या आनंदात कक्षाचा वर्धापनदिन साजरा झाला. त्यात मुख तपासणीचं शिबिर होतं. मोठ्या दवाखान्यातून डॉ. मेघा आल्या होत्या, दातांच्या डॉक्टर, वय लहान आणि स्वभाव स्पष्ट. वझलवार त्यांच्यासमोर बसले तेव्हा गाल रिकामा करून आले होते, हे त्यांनी मोठ्या सौजन्याने सांगितलं.

"तीन बोटं घाला तोंडात. उभी, एकावर एक."

दोन गेली. दुसरं जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉ. मेघांनी आरसा घालून डाव्या गालात पाहिलं आणि आरसा फिरवून पुन्हा पाहिलं. मग फोटो घेतला. "आजपासून खर्रा बंद. या आठवड्यात दवाखान्यात या. तुकडा काढून तपासावा लागेल. मी घाबरवत नाही आहे, पण हे चांगलं दिसत नाही."

"पण खर्ऱ्यावर तसा काही इशारा..."

"तुमचं तोंड बंद होत चाललंय, वझलवार साहेब. याहून मोठ्या अक्षरात कुठे छापू?"

वझलवारांना हे वाक्य व्यावसायिक दृष्टीने फार आवडलं. थोडक्यात, ठसठशीत आणि कोणत्याही शैक्षणिक पातळीच्या माणसाला कळेल असं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. शेवटी एक छापील कागद पुढे आला. फोटो वापरायला हरकत नसल्याचं काहीतरी त्यात होतं. "सही कुठे करायची तेवढं सांगा," वझलवार म्हणाले आणि करून टाकली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सही करण्याआधी कागद वाचल्याचं उदाहरण नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी नस्तीत लावली, वर 'अवलोकन केले' असा शेरा लिहिला, आणि चारचा खर्रा खायला खाली उतरले. पुढे डॉ. मेघांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा ते बैठकीत होते.

बैठकीचा विषय गंभीर होता. पाकिटावरची जुनी चित्रं लोकांच्या ओळखीची झाली होती. शंभर शंभर वेळा पाहून झाल्यावर, चित्रातल्या घशाला भोक पडलेल्या माणसाला लोक आता काकाजी म्हणत. दुर्गेश ठेल्यावर जाऊन सांगायचा, "देवाजी, काकाजीवाला काढ. त्या दुसऱ्याचं थोबाड पाहून मूड खराब होते." काही लोक काकाजींची खुशालीही विचारत.

तेव्हा आधी पाकिटाचा रंग बदलून पाहिला. तज्ज्ञांच्या मते शेवाळी, उदास, मेलेला रंग असला की ब्रँडची ऐट जाते आणि नजर थेट इशाऱ्यावर पडते. प्रायोगिक तत्त्वावर तशी पाकिटं आली. दुर्गेशने ती उलटसुलट करून पाहिली. "एकदम सोबर वाटून राहिलं," तो म्हणाला, आणि त्याच रंगाची पँट शिवायला टाकली.

"आपलं चुकतंय कुठे?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हे चेहरे परके आहेत," वझलवार म्हणाले. बोलताना आता त्यांचे शब्द ओठांच्या फटीतून बाहेर यायचे. "माणूस इथला हवा. आपल्यातलं तोंड दिसलं की नागरिक दचकेल."

मॅडमना ते इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे 'स्थानिक तोंड' या शीर्षकाची नस्ती उघडली. दवाखान्याकडून संमती असलेले फोटो मागवले. नावं नव्हती, फक्त क्रमांक. वझलवारांनी अठ्ठावीस फोटो टेबलावर मांडले, दोन दिवस अभ्यास केला आणि क्रमांक सतरा उचलला. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि त्यामागे गालात जे काही होतं ते पाहून त्यांना त्या दिवशी डबा गेला नाही. त्यांनी टिपणी लिहिली: "चित्र पाहताच अंगावर काटा येतो. सदर इसमाने वेळीच लक्ष दिले असते तर ही वेळ आली नसती, असा संदेश स्पष्टपणे पोहोचतो. शिफारस करण्यात येते." मॅडमनी खाली लिहिलं, "उत्कृष्ट निवड."

नवी पाकिटं ठेल्यावर आली त्या सकाळी वझलवार नेहमीप्रमाणे येऊन उभे राहिले. देवाजीने पन्नी हातात घेतली नाही. डब्यातलं पाकीट काढून तो एकदा त्याकडे आणि एकदा वझलवारांकडे पाहत होता.

"घोटा ना गा, उशीर होऊन राहिला," वझलवार म्हणाले.

"नाई देत साहेब आज."

"काहून?"

"हे तुमचं तोंड हाये."

"काय?"

"हा दात पाहा. अर्धा. क्रिकेटचा बॉल लागला होता तुमाले, तुम्हीच सांगतलं होतं. चौदा वर्षं मी हा दात पाहून राहिलो. रोज पाच वेळा इथं उभे राहून तुम्ही माह्यासमोर तोंड उघडता. पहिले पुरं उघडत होते. मंग अर्धं. आता तं तुमी काय बोलता तेही अंदाजानं समजून घ्या लागते मले."

वझलवारांनी पाकीट घेतलं आणि पाहिलं. नियमाप्रमाणे सात सेकंद. मग आठवं, नववं, आणि पुढे ते मोजायचं विसरले. ते कक्षाच्या बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि आरशासमोर उभे राहिले. खरं-खोटं करायचं होतं. त्यासाठी तोंड उघडायला हवं होतं. ते उघडेना. बोटांनी जबडा ओढला तरी एका बोटाएवढीच फट पडली. आतला काळोख आणि अर्धा दात, यापलीकडे काही दिसलं नाही. त्यांना भीती वाटली, साधी भीती. तिला अनुसरून कोणती कार्यवाही करावी, हे त्यांना बत्तीस वर्षांत कोणी शिकवलेलं नव्हतं.

ते खाली आले तेव्हा देवाजीने ठेल्याची फळी लावली होती आणि मोटरसायकल चालू करून ठेवली होती. "बसा," तो म्हणाला. नस्तीतली चिठ्ठी वझलवारांनी खिशात घातली होती. दवाखान्यात डॉ. मेघांनी तिच्यावरची तारीख पाहिली. पाच महिने झाले होते. वर 'अवलोकन केले' हा शेराही त्यांनी वाचला, आणि तपासणीची खुर्ची पुढे ओढली.

ऑपरेशन नऊ तास चाललं. डावा जबडा गेला, जिभेचा काही भाग गेला. वझलवार वाचले. चारुशीलाबाई त्यांना नळीने दूध पाजताना एकदाच म्हणाल्या, "त्या पाणीपुरीच्या दिवशीच मी तुम्हाला ओढत न्यायला पाहिजे होतं." वझलवारांनी पाटीवर लिहिलं, "तुझा इशारा नस्तीत नव्हता." लिहून झाल्यावर ते रडले, आणि त्याही पाटी खाली ठेवून रडल्या.

कक्षाने त्यांना इशारा-दूत म्हणून सन्मानाने परत घेतलं. काम असं काही नव्हतं. रोज अकरा वाजता देवाजीच्या ठेल्याजवळ उभं राहायचं. देवाजीने खर्रा बंद केला होता आणि तो आता बिस्किटं, चहा आणि नाइलाजाने सिगारेट विकायचा. पहिल्याच दिवशी इस्त्रीच्या शर्टातले एक सद्गृहस्थ गाडी लावून आले. देवाजीने पाकीट पुढे धरलं.

"हा नको हो," गृहस्थ म्हणाले. "दुसऱ्या फोटोचा द्या. काकाजी नाहीत का?"

वझलवारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं. त्यांनी पाकिटावरच्या चित्राकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या गालाच्या जागेकडे. गृहस्थांनी चित्र पाहिलं. वझलवारांना पाहिलं. चांगले सात सेकंद पाहिलं. मग अर्धं पाऊल बाजूला सरकून ते देवाजीला म्हणाले, "यांना काय हवंय ते आधी देऊन टाका. मी थांबतो."

ते गृहस्थ सुशिक्षित होते आणि वाचनाची आवड असलेले होते. कदाचित तुम्ही त्यांना ओळखत असाल.

या कथेच्या अगदी वर, पहिल्या परिच्छेदाच्याही आधी, एक इशारा छापलेला होता. तुम्ही तो वाचलात, याबद्दल आमची खात्री आहे. तो समजायलाही सोपा होता आणि त्याप्रमाणे करायला पाच सेकंद पुरले असते. तुम्ही काय केलंत, हे पाहणं आमच्या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. शासकीय व्याख्येनुसार तुमचं लक्ष गेलेलं आहे आणि तुमचा दाखला तयार आहे.

सही इथे करावी.